ग्रँट मिळालीय की कंत्राट? सही करायच्या आधी बघा

नगरपालिकेकडून रक्कम मंजूर झाल्याचं पत्र आलं की सामाजिक संस्थेच्या ग्रुपवर लगेच मेसेज पडतो, "ग्रँट (अनुदान) मिळाली!" आनंद होणारच, पण पत्र शेवटपर्यंत वाचलं तर कधीकधी ती ग्रँट नसतेच, ते सरळसरळ कंत्राट असतं, आणि हा फरक वर्षाच्या शेवटी हिशोब देताना कळला तर छोट्या संस्थेचं कंबरडं मोडतं.

मुळात बघायचं एवढंच की काम कुणाचं आहे. ग्रँटमध्ये काम तुमचं असतं, गरज तुम्ही ओळखली, कार्यक्रम तुम्ही आखला आणि स्थानिक सरकारने त्याला हातभार लावला. कंत्राटात काम त्यांचं असतं, ते त्यांना करायचंच होतं, फक्त तुमच्याकडून करून घेतायत.

समजा संध्याकाळचा अभ्यासवर्ग आहे, ४० मुलं धरली होती आणि आली २८. कंत्राट असेल आणि दर मुलामागे ठरला असेल तर बिल २८ चंच निघणार, शिक्षिकेचा पगार मात्र पूर्ण द्यावा लागणार, म्हणजे वरचा खड्डा संस्थेने भरायचा. ग्रँट असेल तर तुम्ही लिहून कळवू शकता की मुलांना परत जायला गाडी नाही म्हणून ती येत नाहीत, पुस्तकांसाठी ठरवून दिलेल्या रकमेतले थोडे पैसे प्रवासाला वळवू द्या. बऱ्याच ठिकाणी हे मान्य होतं. फक्त परवानगी आधी आणि लेखी घ्या, कारण आधी खर्च करून मग विचारलं तर एका पैशाचाही घोटाळा झालेला नसला तरी ऑडिटमध्ये तो खर्च नामंजूर होऊ शकतो आणि ते बघून खरंच वाईट वाटतं.

उरलेल्या पैशाचं तर अगदी उलट आहे. ठराविक रकमेचं कंत्राट कमी खर्चात नीट पार पाडलं तर वाचलेले पैसे तुमचे, ग्रँटमधले न खर्चलेले पैसे साधारणपणे परत करायचे. भारतात केंद्र सरकारच्या जीएफआर २०१७ (सरकारी खर्चाचे सामान्य वित्तीय नियम) नुसार तर अनुदानावर बँकेत मिळालेलं व्याजसुद्धा परत जातं, आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, द्यावं लागतं. कंत्राटात असलं प्रमाणपत्र सहसा नसतं, तिथे काम दाखवा, बिल लावा.

कराचंही बघून घ्या. ब्रिटनमध्ये काउन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक सरकारने, बदल्यात काही न घेता दिलेली ग्रँट व्हॅटच्या कक्षेबाहेर राहते, पण तेच पैसे सेवेचा मोबदला ठरले की व्हॅटचा प्रश्न उभा राहतो.

आता गोंधळ कुठे होतो तर लोक पत्राच्या मथळ्यावर जातात. अमेरिकेत शहरं केंद्राचा निधी पुढे संस्थांना देतात तेव्हा प्रत्येक वेळी ठरवावं लागतं की समोरचा निधीत सहभागी आहे की कंत्राटदार, आणि तिथला नियमच सांगतो की कराराच्या रूपापेक्षा प्रत्यक्ष नातं महत्त्वाचं. लाभार्थी पात्र आहे की नाही हे संस्था ठरवते, कार्यक्रमाचे निर्णय संस्था घेते, तर ती सहभागी. तीच सेवा ती बाजारात इतरांनाही विकते आणि त्यासाठी स्पर्धा करते, तर कंत्राटदार.

दुसरा गैरसमज असा की आगाऊ पैसे आले म्हणजे ग्रँट आणि मागाहून आले म्हणजे कंत्राट. असं काही नाही, कितीतरी ग्रँट्स आधी खर्च करा मग पावत्या देऊन भरपाई घ्या अशाच असतात, आणि ज्या गटाकडे चार महिन्यांचा पगार शिल्लक नाही त्याला अशी ग्रँट देऊन पहिला हप्ताही न सोडणं मला अजिबात पटत नाही.

कंत्राट म्हणजे वाईटच असंही नाही हं. दर लावताना भाडं, वीजबिल, हिशोबनीसाचा पगार सगळं त्यात धरता येतं, उलट ग्रँटमध्ये ऑफिसखर्चालाच पहिली कात्री लागते.

तर पत्र हातात आलं की सहीआधी ईमेलवर विचारून घ्या: उरलेली रक्कम कुणाची, संख्या कमी पडली तर काय, विकत घेतलेला कॉम्प्युटर शेवटी कुणाच्या नावावर. उत्तरही ईमेलवरच मागा, फोनवर "हो हो चालेल" म्हणणाऱ्या साहेबांची बदली होते आणि फाईल तिथेच राहते.