पार्श्वभूमी : भजी, पकोडी आणि खेकडा

घरची कांदाभजी कुरकुरीत का होत नाहीत, हा प्रश्न सोलापुरात दर आषाढात नव्याने निघतो आणि त्याचे उत्तर बहुधा तेलात किंवा सोड्यात शोधले जाते. खरे तर कढई चुलीवर चढण्याआधी परातीत एक निर्णय होऊन गेलेला असतो. पीठ पाण्यात सरसरीत कालवून त्यात कांदा सोडायचा, की मीठ लावून चुरलेल्या कांद्याला जे पाणी सुटेल तेवढ्यातच पीठ भिजवायचे, हा तो निर्णय होय. या दोन कृतींतून दोन वेगळे पदार्थ निघतात. मराठीने दोघांनाही 'भजी' म्हटले, त्यामुळे एकाची कृती वाचून दुसऱ्याची अपेक्षा धरणे आणि मग निराश होणे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

डाळीच्या पिठाचे पदार्थ तळण्याची रीत या भागाला जुनीच आहे. कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, येथील चालुक्य दरबारात बाराव्या शतकात रचल्या गेलेल्या संस्कृत ग्रंथातील अन्नविषयक भागात डाळींच्या पिठाच्या तळलेल्या पदार्थांची वर्णने आहेत. मात्र धर्मशास्त्राने कांदालसूण द्विजांना निषिद्ध ठरवले होते, त्यामुळे लिहिणाऱ्यांच्या पंगतीत कांदा सहजासहजी बसत नव्हता. पिकवणाऱ्यांचे तसे नव्हते. कांदा, मुळा आणि भाजी यांतच विठाई पाहणारा तेराव्या शतकातील संत माढा तालुक्यातील अरणचा माळी होता, ही गोष्ट या जिल्ह्यातील कांद्याच्या इतिहासात विसरता येत नाही. आज जिच्याविना भज्यांची कल्पना करवत नाही ती मिरची तर सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आली. त्यापूर्वी तिखटपणाची भिस्त मिऱ्यावर आणि आल्यावर होती.

निषेध आणि आवड यांच्यातील तडजोड म्हणून कांदेनवमीकडे पाहता येते. आषाढी एकादशीपासून चातुर्मास पाळणाऱ्या घरांत कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य होतात. म्हणून दोन दिवस आधी, आषाढ शुद्ध नवमीला, घरातला कांदा भजी, थालीपीठ, झुणका अशा रूपांत संपवला जातो. त्याच सुमारास पालख्या पंढरपूरच्या उंबरठ्यावर वाखरीला पोहोचलेल्या असतात आणि सोलापूर जिल्ह्याचे सारे लक्ष तिकडे लागलेले असते. त्या दिवशी परातीत येणारा कांदा कोणता असतो, हे मात्र फारसे कोणी लक्षात घेत नाही. तो उन्हाळी कांदा असतो, ज्याला आपण गावरान म्हणतो. मार्च-एप्रिलमध्ये निघालेला, चाळीत दोन-तीन महिने राहून वरची पाने वाळलेला हा कांदा कुरकुरीत भज्यांना सर्वांत सोयीचा. कांदेनवमीची भजी चांगली होतात, याचे निम्मे श्रेय या कांद्याला द्यावे लागेल.

आता नावाचा गुंता. 'भजे' हा शब्द भाजणे-तळणे या अर्थाच्या संस्कृत धातूशी जोडला जातो आणि 'भाजी'चा संबंधही त्याच मुळाशी लावतात. जुन्या मराठीप्रमाणे एक ते भजे आणि अनेक ती भजी, दोन्ही नपुंसकलिंगी. बोलण्यात मात्र 'भजी' हेच एकवचन होऊन बसले, ते स्त्रीलिंगी झाले आणि 'भज्या' असे नवे अनेकवचन निघाले. सोलापूरच्या उत्तरेला मराठवाड्याकडे जावे तर 'भजे खाल्ले' असा अनेकवचनी प्रयोग कानावर पडतो. हा व्याकरणाचा घोळ तसा निरुपद्रवी आहे. अडचण अशी, की या एकाच शब्दाखाली बटाट्याचा काप पिठात बुडवून तळलेला पदार्थही येतो, अख्खी मिरचीही येते आणि कांद्याच्या लच्छ्यांना जेमतेम पीठ चिकटवून तळलेला पदार्थही येतो. इंग्लंडमध्ये 'ओनियन भाजी' या नावाने जो गोळा मिळतो, त्यात तर भजे आणि भाजी यांतला फरकही विरघळून गेला आहे.

सोलापूरचे वेगळेपण येथे सुरू होते. गिरण्या आणि हातमाग यांच्या निमित्ताने तेलंगणातून आलेली विणकर कुटुंबे शहराच्या पूर्व भागात स्थिरावली, आणि त्यांच्या तेलुगूत हा भेद आधीपासून शब्दांत बसलेला होता. काप किंवा मिरची सरसरीत पिठात बुडवून तळली की ती 'बज्जी'. चिरलेला कांदा पिठात चुरून, हाताने सुटासुटा तेलात सोडला की ती 'पकोडी'. एवढ्यावरही ती भाषा थांबत नाही. कडक तळलेली ती 'गट्टी पकोडी' आणि मऊ ठेवलेली ती 'मेत्त पकोडी', असा पोटभेदही तिच्यात आहे. म्हणजे पूर्व भागातील एखाद्या आजीला 'गट्टी पकोडी कर' एवढे सांगितले, की पाणी घालायचे नाही हे निराळे सांगावे लागत नाही. कृती नावातच आली. कन्नड घरांतील 'उळ्ळागड्डी बज्जी' मराठी भज्यांच्या जवळ जाणारी, आणि तिथे मऊ-कडक हा प्रश्न मराठीइतकाच मोकळा राहिलेला दिसतो. शहर तीन भाषांचे असूनही 'पकोडी' हा शब्द मराठीने उचलला नाही. मराठीत 'पकोडा' आला तो हिंदीच्या वाटेने, 'पक्ववट' या मूळ रूपाशी नाते सांगत, आणि तोही जाडजूड, हॉटेली पदार्थाचे नाव म्हणून. शेजारच्या घरातील नेमका शब्द सोडून दुरून आलेला ढोबळ शब्द घ्यावा, हे भाषेच्या व्यवहारात नवे नाही, पण त्यामुळे मराठी स्वयंपाकघराचे नुकसान झाले असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ती उणीव पुढे 'खेकडा भजी' या नावाने भरून काढली. उभ्या चिरलेल्या कांद्याच्या पाकळ्या चहूकडे पायांसारख्या बाहेर आलेल्या दिसतात, म्हणून खेकडा. सिंहगडासारख्या ठिकाणी पावसात भजी खाण्याची जी हौस पुणेकरांनी वाढवली, तिने आणि पुढे दूरचित्रवाणीवरील पाककृतींनी व मोबाइलवरील चित्रफितींनी हे नाव घराघरांत पोहोचवले. नाव आकारावरून पडले आहे, कृतीवरून नाही, आणि गोंधळ इथेच पुन्हा शिरतो. पिठात पाणी घालूनही, कांदा लांब चिरला तर पाय निघतात. भजे खेकड्यासारखे दिसते आणि पाच मिनिटांत मऊ पडते. दिसणे आणि कुरकुरीतपणा यांचा संबंध नाही, हे 'गट्टी' म्हणणाऱ्या भाषेला ठाऊक होते. 'खेकडा' म्हणणारी भाषा ते सांगत नाही.

कुरकुरीतपणाचे कारण सरळ आहे. कांद्याच्या वजनात 85 टक्क्यांहून अधिक पाणी असते. मीठ लावून चुरल्यावर त्यातले काही बाहेर येते, आणि तेवढ्यात डाळीचे पीठ ओले होते. अर्धा किलो कांद्याला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पीठ आणि लहान चमचाभर मीठ पुरते. दहा ते पंधरा मिनिटे मुरू दिल्यावर पीठ एकदम न ओतता हाताने भुरभुरत घालायचे, कांदा एकमेकाला धरू लागला की थांबायचे. वरून पाणी घातले की तळताना तेवढे जास्तीचे पाणी वाफेने घालवावे लागते. ते घालवेपर्यंत बाहेरचा रंग काळपट होतो, आणि नाही घालवले तर आत राहिलेली वाफ थोड्या वेळाने कवच मऊ करते. कढईतले बुडबुडे कमी होणे ही पाणी निघून गेल्याची खूण आहे. रंगापेक्षा तिच्यावर भरवसा ठेवावा.

शहराची एक गंमत अशी, की सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागते ती साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, आणि तो कांदा खरिपाचा व रांगडा, म्हणजे उशिराच्या खरिपाचा, असतो. लाल, रसाळ, न टिकणारा. राज्यातील कांद्याच्या मोठ्या बाजारांपैकी एक दारात असूनही थंडीत घरची भजी पिठूळ होतात, कारण या कांद्याला पाणी जास्त सुटते, ते आवरण्यासाठी पीठ वाढवले जाते आणि कांदाभज्यांऐवजी कांद्याचा वास असलेली पिठाची भजी पदरात पडतात. त्या दिवसांत मीठ कमी वेळ मुरवून, सुटलेले पाणी थोडे निथळून घेणे हा उपाय आहे. तो पाकपुस्तकांत फारसा आढळत नाही, कारण तिथे कांदा म्हणजे बारमाही एकच वस्तू असे गृहीत धरलेले असते.

तेलाचा आणि चुलीचा इतिहास अलीकडचा, पण अधिक परिणामकारक आहे. कोरडवाहू सोलापुरात घरचे तेल करडईचे किंवा शेंगदाण्याचे, घाण्यावरून आणलेले असे. (तेल काढण्याचे यंत्र तो घाणा आणि कढईत एका वेळी सोडलेली भजी तोही घाणा, हा योगायोग मराठीलाच सुचावा.) 1972 च्या दुष्काळाच्या आसपास बालपण गेलेल्यांना कढईभर तेल ही सणासुदीची चैन वाटे, आणि कमी तेलात बसतील अशी, पाणी घालून फुगवलेली गोल भजी त्या काळाला साजेशी होती, थोड्या कांद्यात, थोड्या तेलात ताट भरत असे. रॉकेलच्या स्टोव्हवर आच हळूहळू उतरवणे कठीण जाई. घरोघरी गॅस आल्यावर मात्र आच बोटांनी आवरता येऊ लागली, आणि पहिल्यांदा मध्यम, शेवटी किंचित मोठ्या आचेवर तळण्याची रीत घरात शक्य झाली. 1994 मध्ये पामतेलाची आयात खुली झाली, पाठोपाठ शुद्धीकृत तेलांच्या पिशव्या किराणा दुकानांत आल्या, तेव्हा तळणाची नवलाई संपली. कुरकुरीत कांदाभजी सोलापूरच्या मराठी घरांत आठवड्याचा पदार्थ झाली असेल, तर ती या टप्प्यानंतर. जुनी माणसे करडईच्या तेलाची चव आठवतात, त्यात तथ्य आहे; पण त्या तेलाच्या काळात भजी वारंवार होत नव्हती, हेही त्यांनी सांगायला हवे.

तांदळाचे पीठ हा याच काळातला पाहुणा. वाटीभर डाळीच्या पिठाला चमचा-दोन चमचे घातले तर कवच खुसखुशीत होते, याबद्दल वाद नाही. ज्वारीच्या या मुलखात काही घरांत त्याऐवजी ज्वारीचे पीठ चमचाभर घालतात आणि तेही काम देते, फक्त रंग थोडा मातकट येतो. खायच्या सोड्याचे तसे नाही. तो पिठाला हलके करतो, पण सच्छिद्र पीठ तेल पिते, आणि आणखी पाच मिनिटांनी भजे मलूल होते. गाड्यावर भजी तत्काळ खपतात, म्हणून तिथे सोडा चालून जातो. घरी ती डब्यातून न्यायची असतात किंवा उशिरा येणाऱ्यासाठी झाकून ठेवायची असतात. झाकून ठेवणे हेही चुकीचेच, पण ते निराळे प्रकरण.

कांद्याच्या भावानेही कृती बदलत ठेवली आहे. 2019 च्या डिसेंबरात किरकोळ बाजारात किलोला शंभर रुपयांच्या पुढे भाव गेला, तेव्हा हॉटेलांच्या कांदाभज्यांत कोबी सापडू लागला आणि घरांत पिठाचे प्रमाण वाढले. त्याउलट 2023 च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याला सोलापुरात 512 किलो कांदा विकून खर्चवजा जाता दोन रुपयांचा धनादेश मिळाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क बसले आणि डिसेंबरात निर्यातच थांबवली गेली; ती 2024 च्या मे महिन्यात खुली झाली. कांदा मातीमोल असला की भजी कांद्याने भरगच्च होतात. खाणाऱ्याच्या ताटातला हा आनंद कोणाच्या खिशातून येतो, याचा उल्लेख पाककृतींत नसतो.

अलीकडे चर्चा तेलाच्या पुनर्वापराकडे वळली आहे. तळून विघटित झालेल्या घटकांचे प्रमाण 25 टक्क्यांपुढे गेलेले तेल वापरू नये, असा नियम 2018 पासून व्यावसायिकांना लागू आहे. घरात हे मोजण्याचे साधन नसते. तरी तेल गाळून ठेवताना तळाचा पिठाचा गाळ काढला जातो की नाही यावर बरेच अवलंबून असते, आणि सुटे पीठ न सांडणारी बिनपाण्याची भजी गाळही कमी करतात. एअर फ्रायर आल्यावर तर जुना भेद अनपेक्षित रीतीने उघडा पडला. तेलाचा हात फिरवून ठेवलेले गट्टी पकोडीचे मिश्रण त्या जाळीवर जागच्या जागी वाळून कडक होते, थोडे कोरडे लागते एवढेच; सरसरीत पिठाचे गोल भजे मात्र तिथे जमतच नाही, ते जाळीतून खाली गळून जाते.