समितीची पाटी 2018 मध्ये ‘पहिल्यांदाच’ कोरी झाली?

बेळगावात चहाच्या गाड्यावर निवडणुकीचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं: सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा कर्नाटक विधानसभेत एकही आमदार नाही, असं 2018 मध्ये पहिल्यांदा घडलं. तसं नाही. 2008 मध्येही समितीचं खातं उघडलं नव्हतं. त्याच वर्षी मतदारसंघांची पुनर्रचना लागू झाली, उचगाव आणि बागेवाडी हे जुने मतदारसंघ नकाशावरून गेले, बेळगाव दक्षिण, उत्तर, ग्रामीण आले.

ते विसरलं गेलं ते 2013 मुळे. बेळगाव दक्षिणमध्ये समितीचे माजी महापौर संभाजी पाटील यांनी भाजपच्या अभय पाटलांना हरवलं, खानापुरात अरविंद पाटील निवडून आले. हा विजय डोक्यात इतका पक्का बसला की पाच वर्षांपूर्वीचा भोपळा कुणाला आठवेना!

उलट चूकही होते. निवडणूक आयोगाचा 2013 चा तक्ता दाखवून काही जण म्हणतात, ‘समितीचे आमदार नव्हतेच.’ अहो, तक्त्यातल्या नऊ अपक्षांत हे दोघे आहेत. समितीचे उमेदवार कागदोपत्री अपक्ष म्हणून लढले, त्यामुळे तिथं ते अपक्षच दिसतात.

2018 मध्ये दोन्ही जागा गेल्या, 2023 मध्येही परत आल्या नाहीत.