रक्तदाबाने बिघडलेले मूत्रपिंड आणि मूत्रपिंडाने वाढवलेला रक्तदाब

गोव्यात 'प्रेशरची गोळी' घेणारे कोणी ना कोणी बहुतेक घरांत असते. अशा माणसाच्या रक्ताच्या अहवालात क्रिएटिनिन (मूत्रपिंड एरवी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) वाढलेले दिसले की घरातले कोणी म्हणते, 'प्रेशरने किडनी खराब केली', तर कोणी म्हणते, 'किडनीमुळेच प्रेशर चढले'. ही दोन्ही वाक्ये सर्रास एकाच अर्थाने वापरली जातात. प्रत्यक्षात त्यांत कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली असते, आणि तपासण्यांची दिशा त्यावरच ठरते.

हा फरक समजण्यासाठी निरोगी मूत्रपिंड रक्तदाबाला आवर कसा घालते, हे आधी पाहिले पाहिजे. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा भाग मूत्रपिंडांकडे जातो. तेथे दिवसाला अंदाजे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला जवळजवळ सगळा परत शोषला जाऊन दीड-दोन लिटर लघवी उरते. दाब थोडा वाढला की मूत्रपिंड मीठ आणि पाणी नेहमीपेक्षा जास्त बाहेर टाकते, रक्ताचे आकारमान घटते आणि दाब उतरतो. दाब घसरला तर ते रेनिन हे विकर रक्तात सोडते; त्यातून पुढे तयार होणारे अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आवळते आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाकरवी मीठ अडवून ठेवते. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली, सुकी मासळी किंवा चेपणीचे तोर (मिठात मुरवलेल्या कैऱ्या) एखाद्या दिवशी जेवणात जास्त झाले, तरी निरोगी मूत्रपिंड ते जादा मीठ काही दिवसांत बाहेर काढते. रोजचेच जेवण खारट असेल, तर मात्र हे काम त्याला विसावा न घेता करावे लागते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्याचा सल्ला देते. हे प्रमाण साधारण एका सपाट चहाच्या चमच्याएवढे असून त्यात मासळीतले आणि लोणच्यातले मीठही आले.

पहिल्या प्रकारात रक्तदाब आधी येतो. अनेक वर्षे वाढलेल्या दाबामुळे मूत्रपिंडातल्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड होतात, गाळण्या एकेक करून निकामी होतात आणि दोन्ही मूत्रपिंडे हळूहळू, साधारण सारखीच आकसतात. रुग्ण बहुधा उतारवयाकडे झुकलेला असतो, लघवीतली प्रथिने बेताचीच असतात, आणि डोळ्याच्या पडद्यावर किंवा हृदयाच्या भिंतीवरही त्याच दाबाच्या खुणा सापडतात.

दुसऱ्या प्रकारात मूत्रपिंडाचा बिघाड आधी होतो. गाळण्यांना सूज येणे, आनुवंशिक गाठींचा विकार आणि मधुमेहाने केलेली हानी ही त्याची कारणे. मीठ बाहेर टाकण्याची ताकद कमी झाल्यामुळे दाब चढतो, आणि दाब चढण्याआधीच लघवीत प्रथिने किंवा रक्त दिसू लागलेले असू शकते. याच प्रकारातली एक वेगळी तऱ्हा म्हणजे मूत्रपिंडाची धमनी अरुंद होणे. १९३४ साली हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमन्या चिमट्याने अर्धवट आवळून रक्तदाब चढतो, हे दाखवून दिले. मूत्रपिंडाची ऊती सुरुवातीला धड असते. पण तिच्यापर्यंत दाब पोहोचत नाही म्हणून ती सगळ्या शरीराचाच दाब पडला असे समजून रेनिन सोडत राहते. रक्षण करणारी यंत्रणा चुकीच्या माहितीवर इतक्या नेमकेपणाने काम करते, हे मला या विषयातले सर्वांत विलक्षण वाटते.

समजा, म्हापशातल्या २६ वर्षांच्या तरुणीचा दाब तीन औषधांनीही १७० च्या खाली येत नाही, पोटॅशियम कमी आहे, आणि सोनोग्राफीत एक मूत्रपिंड दुसऱ्यापेक्षा दीड-दोन सेंटिमीटरने लहान आहे. तिच्या बाबतीत 'प्रेशर आहेच, गोळी वाढवू' एवढ्यावर थांबणे मला गैर वाटते. धमनीची तपासणी व्हायलाच हवी. फोंड्यातल्या ६५ वर्षांच्या गृहस्थांचा दाब वीस वर्षे वर राहिला असेल आणि क्रिएटिनिन अलीकडे वाढू लागले असेल, तर पहिला प्रकार अधिक संभवतो. अर्थात उतारवयात धमनीत चरबी साचूनही ती अरुंद होते, म्हणून वयावरून निकाल देता येत नाही.

आजार जुना झाला की दोन्ही प्रकार एकमेकांना खतपाणी घालतात आणि अहवाल सारखेच दिसू लागतात. अशा वेळी आधी काय बिघडले, हे जुन्या कागदांवरून कळते. म्हणून बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा कोणत्याही तज्ज्ञाकडे जाताना जुने अहवाल तारखेनुसार लावून न्यावेत. केवळ क्रिएटिनिनवर विसंबू नये, कारण मूत्रपिंडाची बरीच क्षमता गेल्यानंतरच ते ठळकपणे वाढते. लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची साधी तपासणी कितीतरी आधी सूचना देऊ शकते.

औषधाच्या बाबतीतही हा फरक ऐरणीवर येतो. रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी अँजिओटेन्सिनला रोखणारी औषधे लघवीतून प्रथिने जाणाऱ्या रुग्णाच्या मूत्रपिंडाचे रक्षण करतात. पण दोन्ही मूत्रपिंडांच्या धमन्या अरुंद असतील, तर गाळणी ज्या उरल्यासुरल्या दाबावर चालते तोच ही औषधे काढून घेतात आणि क्रिएटिनिन झपाट्याने वाढू शकते. म्हणून ती सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा तपासतात, आणि ती तपासणी रुग्णाने चुकवू नये.