काटा सांगलीवर: सीमाभागातल्या रेडिओची पार्श्वभूमी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. कचेरीतल्या कागदांची भाषा पुढे बदलत गेली. घरातल्या रेडिओचा काटा मात्र आपल्या मर्जीने फिरत राहिला.

जवळचं मोठं केंद्र धारवाडचं, १९५० सालचं. केंद्र कन्नड, पण गाण्याचा कान असलेल्या मराठी घरांनाही ते आपलंच. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू ही सगळी याच मुलखातली; मन्सूरांनी तर धारवाड केंद्रावर संगीत सल्लागार म्हणून कामही केलं. मराठी बातम्या, भावगीतं आणि शेतीच्या सल्ल्यासाठी काटा उत्तरेकडे न्यावा लागे. १९६३ मध्ये सांगली केंद्र सुरू झालं आणि ते अंतर पुष्कळ कमी झालं.

हे जमलं ते मीडियम वेव्हमुळे. या लहरी दिवसा जमिनीलगत लांबवर जातात आणि रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात. खरखर असायची, आवाज मधेच बुडायचा, पण राज्याची हद्द त्या लहरींना ठाऊक नव्हती. सीमाभागातल्या मराठीसाठी हे किती मोलाचं होतं, याची नोंद फारशी कुणी घेतलेली नाही, असं मला वाटतं.

एफएमने आवाज स्वच्छ केला, पण पल्ला आखडला. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. साधारण पन्नास-साठ किलोमीटरनंतर, किंवा मधे डोंगर आला की, संपतात. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, तिथे ठीक. खानापूरच्या जंगलपट्ट्यात मात्र सह्याद्री आडवा. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, त्यामुळे ती उणीव तिथूनही भरून निघाली नाही. शिक्षणसंस्थांना २००२ पासून सामुदायिक रेडिओ काढता येऊ लागला. बेळगावात केएलईचं ९०.४ वेणुध्वनी त्याच वाटेने आलं, पण अशा केंद्रांचा पल्ला शहर आणि आसपासच्या गावांपुरताच.

दरम्यान आकाशवाणीने मीडियम वेव्हचे बरेच ट्रान्समीटर डीआरएम या डिजिटल पद्धतीवर नेले. त्याने खरखर जाते, पण त्यासाठी वेगळा संच लागतो आणि तो आपल्याकडे घरोघरी पोहोचलेला नाही.

पोहोचला तो मोबाईल. प्रसार भारतीच्या 'न्यूज ऑन एअर' ॲपवर आकाशवाणीची दोनशेहून अधिक प्रसारणं थेट ऐकता येतात. सांगली, पुणे, मुंबई, धारवाड सगळी एका पडद्यावर. मीडियम वेव्हने दिलेली आणि एफएमने काढून घेतलेली मोकळीक सीमाभागाला अशी परत मिळाली.

फक्त त्यासाठी रेंज हवी, आणि जांबोटी-कणकुंबीकडच्या वाड्यांवर तिचा भरवसा नसतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा पूर सांगलीपासून चिकोडीपर्यंत पसरला होता. अशा वेळी वीज जाते, मागोमाग टॉवर बंद पडतात. दोन सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर तेव्हाही बोलू शकतो, दूरचा मीडियम वेव्ह ट्रान्समीटर चालू ठेवलेला असला तर.