पोटातल्या बाळाच्या हृदयाची लय बिघडते तेव्हा : निदान आणि उपचारांची पार्श्वभूमी

१८१८ मध्ये जिनिव्हाच्या फ्रान्स्वा मायोर यांनी आईच्या पोटाला कान लावून बाळाचे ठोके ऐकले. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये केर्गारादेक यांनी ते नव्या स्टेथोस्कोपने ऐकले. पण कानाला ठोके जलद आहेत, मंद आहेत की मधेच चुकताहेत एवढंच कळतं. का, ते कळत नाही.

मोठ्यांमध्ये त्यासाठी ईसीजी असतो. १९०६ मध्ये माक्स क्रेमर यांनी गर्भाच्या हृदयाचे विद्युतसंकेत टिपलेही. मात्र आईच्या हृदयाचे संकेत कितीतरी जोरकस, आणि सातव्या-आठव्या महिन्यात बाळाच्या अंगावरचा पांढरा चिकट थर वीज अडवतो. त्यामुळे निदान अडलेलंच राहिलं. ठोके बिघडले म्हणजे बाळ गुदमरतंय असं समजून घाईने सिझेरियन होई आणि पोटातच बरं होऊ शकणारं बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्माला येई. याची हळहळ आजही वाटते.

वाट सापडली ती १९८० च्या सुमारास. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात चार्ल्स क्लाइनमन आणि लंडनमध्ये लिंडसे अ‍ॅलन यांनी सोनोग्राफीवर हृदयाची हालचाल वाचायला सुरुवात केली. सोनोग्राफीच्या एम-मोड या पद्धतीत (एका रेघेवरची हालचाल वेळेनुसार दाखवणारी) एकच रेघ वरच्या आणि खालच्या कप्प्यातून नेली की पडद्यावर दोन्हींच्या लाटा एकाखाली एक उमटतात. एरवी मिनिटाला ११० ते १६० ठोके. दोन्हीकडे २२० च्या वर आणि एकास एक असतील, तर बहुधा एसव्हीटी, म्हणजे वरच्या भागातून उठणारी जलद लय. वर चारशेच्या आसपास आणि खाली त्याच्या निम्मे, तर फ्लटर, म्हणजे वरच्या कप्प्यांची अतिजलद फडफड. वर १४०, खाली पंचावन्न आणि दोघांचा मेळच नाही, तर पूर्ण हार्ट ब्लॉक, म्हणजे वरचा विद्युतसंकेत खाली पोचतच नाही. मधूनच येणारा जादा ठोका सर्वात जास्त दिसतो आणि बहुतेकदा आपोआप जातो.

१९८० मध्येच आईला डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध देऊन बाळाचे जलद ठोके आटोक्यात आणल्याचं प्रसिद्ध झालं. पण बाळाच्या अंगात पाणी साठलं असेल तर डिगॉक्सिन वारेतून पुरेसं पोचत नाही; म्हणून पुढे फ्लेकेनाइड आणि सोटॅलॉल ही लय सुधारणारी औषधं आली. १९८९ मध्ये हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या प्रौढांच्या एका चाचणीत फ्लेकेनाइडने मृत्यू वाढल्याचं दिसलं. इथे तर निरोगी आई बाळासाठी औषध घेते. म्हणूनच उपचारांआधी आणि उपचार चालू असताना तिचा ईसीजी काढतात, आणि तो कधीही टाळू नये.

हार्ट ब्लॉकची गोष्ट निराळी. १९७७ मध्ये त्याचा आईच्या ल्युपसशी (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) संबंध दिसला, १९८३ मध्ये आईच्या रक्तातल्या अँटी-रो प्रतिपिंडांशी (शरीरातल्याच ‘रो’ नावाच्या प्रथिनावर उलटणाऱ्या). अनेक आयांना स्वतःला काहीच त्रास नसतो. यात त्यांचा दोष नाही, हे त्यांना स्पष्ट सांगायला हवं. ब्लॉक एकदा पूर्ण झाला की उलटत नाही. त्यामुळे भर प्रतिबंधावर आला. आधीच्या बाळाला ब्लॉक झाला असेल तर पुढच्या वेळी धोका सुमारे १८ टक्के असतो. २०२० च्या अभ्यासात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या ल्युपसवरही वापरल्या जाणाऱ्या गोळीने तो निम्म्याहून खाली आला. ब्लॉक बहुधा १८ ते २४ आठवड्यांत होतो, म्हणून त्या अभ्यासात गोळी दहाव्या आठवड्याआधीच सुरू केली होती.