मतदार यादीतून वगळणी: नोटीस कुणाला मिळते, कुणाला नाही

मतदानाच्या दिवशी केंद्रावर 'यादीत नाव नाही' असं ऐकल्यावर मतदार विचारतो, मला आधी कळवलं का नाही? कळवणं बंधनकारक होतं की नव्हतं, हे नाव कोणत्या कारणानं आणि कोणत्या टप्प्यावर गेलं यावर ठरतं.

नावं गळण्याचा इतिहास पहिल्या निवडणुकीइतकाच जुना आहे. १९५१-५२ साठी याद्या होताना लाखो स्त्रियांनी 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढीच ओळख दिली. स्वतःचं नाव नसलेल्या नोंदी घ्यायच्या नाहीत असं ठरलं आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या.

कायद्याचा पाया लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २२ मध्ये आहे. अर्जावरून किंवा स्वतःहून, चौकशीअंती, मतदार नोंदणी अधिकारी नाव वगळू शकतो. त्याची कारणं तीन: मृत्यू, मतदारसंघातलं वास्तव्य संपणं, किंवा नोंदणीचा हक्कच नसणं. पण बाजू मांडण्याची वाजवी संधी देण्याची अट शेवटच्या दोन कारणांनाच आहे. मृताला नोटीस कशाला, हा तर्क सरळ वाटतो. पण जिवंत माणसाची नोंद चुकून 'मृत' झाली, तर नेमकं त्यालाच या कलमातल्या संधीचं संरक्षण उरत नाही. मृत्यू दाखला किंवा शेजाऱ्यांच्या सह्यांचा पंचनामा नीट तपासणं एवढीच आड असते.

दुसऱ्या कुणाचं नाव काढायला नमुना ७ हा अर्ज भरावा लागतो. यादीच्या पुनरीक्षणात (फेरतपासणीत) अशी हरकत त्याच यादीतल्या मतदारालाच घेता येते. मतदार नोंदणी नियम, १९६० नुसार सुनावणीची नोटीस हरकतदाराला नमुना १३ मध्ये आणि ज्याच्या नावावर हरकत आहे त्याला नमुना १४ मध्ये जाते. ती हातात द्यावी, रजिस्टर पोस्टानं पाठवावी, किंवा मतदारसंघातल्या शेवटच्या माहीत असलेल्या घरावर चिकटवावी. खरी गोची इथे आहे. 'स्थलांतरित' ठरलेल्या माणसाची नोटीस त्याच बंद दारावर लागते आणि उत्तर आलं नाही, की तेच स्थलांतराचा पुरावा म्हणून वापरलं जातं. वास्तविक कलम २० स्पष्ट सांगतं की तात्पुरत्या गैरहजेरीनं वास्तव्य संपत नाही. हंगामाला गेलेला ऊसतोड मजूर दाराला कुलूप आहे म्हणून स्थलांतरित होत नाही.

यादीच्या अंतिम प्रसिद्धीआधी अधिकाऱ्यानं स्वतःहून नावं काढायची असतील तर नियम २१-अ लागतो: नावांची यादी कार्यालयाच्या फलकावर लावायची, सुनावणीची वेळ-जागा सांगायची, हरकती ऐकायच्या.

नोटीस निघाली तरी तीत काय असावं, हा वेगळाच वाद. दिल्ली आणि मुंबईत नागरिकत्वाच्या संशयावरून मतदारांकडे पुरावे मागितले गेले, तेव्हा लाल बाबू हुसेन खटल्यात (१९९५) सर्वोच्च न्यायालयानं निर्णय दिला. आधीपासून यादीत असलेल्याचं नाव पडताळणीनंतरच आलं असं धरायचं, संशयाचा आधार त्याला सांगायचा आणि ठरावीक कागदांवर अडून बसायचं नाही. निव्वळ 'पुरावे घेऊन या' एवढी नोटीस त्यानंतर पुरेशी राहिली नाही.

ऑनलाइन अर्जांनी दुसरं दार उघडलं. कर्नाटकातल्या आळंद मतदारसंघात २०२३ च्या विधानसभा निवडणुकीआधी नमुना ७ चे ६,०१८ अर्ज आले. पडताळणीत त्यातले खरे निघाले २४. बाकीची नावं वाचली ती घरोघरच्या पडताळणीमुळे.

बिहारमध्ये २०२५ साली वाद 'वगळणी' या शब्दापाशीच आला. विशेष सखोल पुनरीक्षणात, म्हणजे यादी नव्यानं तयार करण्याच्या मोहिमेत, १ ऑगस्टच्या प्रारूप (कच्च्या) यादीत सुमारे ६५ लाख नावं नव्हती. नोटीस, सुनावणी आणि सकारण आदेशाशिवाय नाव वगळणार नाही, असं निवडणूक आयोगानं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. पण ही नावं प्रारूपात आलीच नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी हा टप्पा उगवलाच नाही. १२ ऑगस्टला 'मृत' ठरलेल्या दोन व्यक्ती न्यायालयात हजर करण्यात आल्या. १४ ऑगस्टच्या अंतरिम आदेशानं ही नावं केंद्रनिहाय, कारणांसह, ओळखपत्र क्रमांकानं शोधता येतील अशी प्रसिद्ध करावी लागली. हे वैयक्तिक नोटिशीच्या जवळपास जातं, पण शोधायचं काम मतदारावरच राहतं.

नाव गेलंच, तर आदेशापासून १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिलं अपील आणि त्यांच्या आदेशानंतर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं. शिवाय नाव नोंदवण्याचा नमुना ६ पुन्हा भरता येतो. मात्र उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की निवडणूक संपेपर्यंत कलम २३ नुसार यादीत नाव घालताही येत नाही, काढताही येत नाही.