फाइलवर नुसतं ‘ग्लॉकोमा’ लिहून पाठवू नका
(क्लेम आणि कोडिंगचं काम आमच्याकडे असलेल्या नेत्ररुग्णालयांसाठी)

डॉक्टर आणि टीपीए डेस्क (रुग्णालयातलं विम्याच्या कागदपत्रांचं टेबल) सांभाळणाऱ्या सर्व मंडळींना नमस्कार.

काचबिंदूची (ग्लॉकोमाची) फाइल आली की आमच्याकडून फोन येतो, आणि तुमच्याकडून बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: “निदान लिहिलंय ना वर, मग आणखी काय हवं?” ओपीडी भरलेली असताना असा फोन नकोसा वाटतो, याची आम्हाला कल्पना आहे. तो करावा लागू नये म्हणून हे पत्रक.

आयसीडी-१० (आजारांच्या कोडची आंतरराष्ट्रीय यादी) मध्ये काचबिंदू एच४० या गटात येतो. ओपन अँगल (डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याचा कोन उघडा) असेल तर एच४०.१, अँगल क्लोजर (तो कोन बंद) असेल तर एच४०.२. नुसतं ‘ग्लॉकोमा’ लिहिलेलं असलं की आमच्या हातात एच४०.९ एवढाच कोड उरतो, म्हणजे ‘प्रकार सांगितलेला नाही’. ज्या आजाराचा प्रकार सांगितलेला नाही, त्यासाठी ट्रॅबेक्युलेक्टमीची (डोळ्यातला दाब कमी करण्याच्या ऑपरेशनची) परवानगी मागितली तर विम्याच्या बाजूने फाइल तपासणारा डॉक्टर प्रश्न विचारणारच.

मागे एका रुग्णालयातून फाइल आली. केसपेपरवर एवढंच: ‘ग्लॉकोमा, दोन्ही डोळे. ट्रॅब.’ सकाळी दहाला रिक्वेस्ट गेली, थोड्या वेळात क्वेरी आली: अँगल कोणता, कोणत्या डोळ्याचं ऑपरेशन, औषधांवर दाब किती? डॉक्टर ओटीत होते. रुग्णाचा मुलगा दुपारभर काउंटरपाशी उभा. संध्याकाळी कळलं की गोनिओस्कोपी (अँगल पाहण्याची तपासणी) दोन महिन्यांपूर्वीच झाली होती आणि ओपीडीच्या कागदावर नीट लिहिलेलीही होती. तो कागद फाइलला लावलाच नव्हता. कॅशलेस परवानगीचा निर्णय तासाभरात द्यायचा, असं आयआरडीएआयने (विमा क्षेत्राच्या नियामकाने) २०२४ मध्ये विमा कंपन्यांना बजावलं आहे. पण क्वेरी निघाली की उत्तर जाईपर्यंतचा वेळ आपल्याच खात्यावर पडतो.

काही जण म्हणतात, “तुम्हीच टाका ना एच४०.१, बहुतेकांना तोच असतो.” हे आम्ही करत नाही आणि करणारही नाही. आपल्याकडे अँगल क्लोजरचे रुग्ण कमी नाहीत, आणि गोनिओस्कोपीशिवाय दोन्हींतला फरक ठरत नाही हे तुम्ही आमच्यापेक्षा चांगलं जाणता. ड्रॉप्सच्या यादीवरून किंवा ओसीटीच्या (नसेच्या स्कॅनच्या) लाल-हिरव्या रंगांवरून निदान ठरवण्याचा अधिकार कोडरला नाही. कागदावर डॉक्टरांनी लिहिलं असेल तेवढंच कोडमध्ये जातं. यामुळे फाइल कधी अर्धा दिवस थांबते, पण पुढे कधी ऑडिटला निघाली तर तुमची बाजू भक्कम राहते.

आता डावा-उजवा आणि टप्पा. आपण वापरतो त्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आवृत्तीत एच४०.१ वर कोड संपतो. कोणता डोळा, आजार किती पुढे गेलाय, हे त्यात मावतच नाही. अमेरिकेच्या आवृत्तीत कोड लांब असतो: एच४०.११२३ म्हणजे प्रायमरी ओपन अँगल, डावा डोळा, गंभीर टप्पा. आपल्याकडे ते आकडे नाहीत, म्हणून ती माहिती शब्दांतच यायला हवी. टप्प्यांची त्यांची व्याख्या सोपी आहे आणि आम्ही तीच वापरायला सुचवतो. डोळ्याच्या नसेत बिघाड आहे पण फील्ड (नजरेचा आवाका मोजणारी तपासणी) चांगलं, तर सौम्य. फील्डचा वरचा किंवा खालचा एकच अर्धा भाग बिघडलेला आणि मध्याजवळचे ५ अंश शाबूत, तर मध्यम. दोन्ही अर्धे बिघडलेले किंवा बिघाड त्या ५ अंशांच्या आत पोहोचलेला, तर गंभीर. आजीबाईंना फील्ड जमलंच नाही, तर ‘टप्पा ठरवता आला नाही, फील्ड विश्वासार्ह नाही’ असं लिहा. रिकामी जागा सोडू नका. अमेरिकेत या दोन गोष्टींना अंकही वेगळे आहेत: टप्पा लिहिलाच नाही तर ०, ठरवता आला नाही तर ४.

वरचीच फाइल अशी आली असती तर फोन करावा लागला नसता:

‘उजवा डोळा: प्रायमरी ओपन अँगल ग्लॉकोमा, गंभीर. तीन औषधांवर दाब २८. गोनिओत अँगल चारही बाजूंनी उघडा. कप ०.९. फील्ड दोन्ही अर्ध्यांत बिघडलेलं. ट्रॅबेक्युलेक्टमी उजव्या डोळ्याची. डावा डोळा: प्रकार तोच, मध्यम, औषधांवर दाब १६, औषधं चालू.’

लिहायला दोन मिनिटं लागतात.

‘सस्पेक्ट’ असेल तर तो शब्द गाळू नका. त्याचा कोड एच४०.० असा वेगळा आहे. नुसता कप (नसेच्या टोकावरचा खळगा) मोठा दिसतोय म्हणून तपासण्या चाललेल्या माणसाच्या नावावर पक्का काचबिंदू चढला, तर पुढे पॉलिसी घेताना तो शिक्का त्याला पुसता येत नाही. याबाबत आम्ही फार काटेकोर आहोत.

स्टेरॉइड ड्रॉप्समुळे दाब वाढला असेल तर एच४०.६. मोतीबिंदू पिकून वाढला असेल तर एच४०.५, सोबत मोतीबिंदूचाही कोड. जन्मजात काचबिंदू एच४० मध्ये येतच नाही, तो क्यू१५.०. कारण लिहिलेलं असेल तरच हे आम्हाला लावता येतं.

‘कधीपासून’ या रकान्यात नातेवाइकांनी सांगितलेली वर्षं तशीच उतरवू नका. “पाच वर्षं झाली डोळ्याला” म्हणजे पुष्कळदा चष्मा लागल्याला किंवा मोतीबिंदू निघाल्याला पाच वर्षं. पहिल्या निदानाचा जुना कागद मागा, त्यावरची तारीख लिहा. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असल्याने एका चुकीच्या आकड्यावर क्लेम अडकू शकतो. मात्र खरी तारीख लपवून क्लेम बसवायची फाइल आम्ही घेत नाही.

वरच्या नमुन्याप्रमाणे मोकळ्या जागा असलेला रबरी शिक्का आम्ही बनवून घेतला आहे. आमच्याकडे नियमित काम देणाऱ्या रुग्णालयांना तो मोफत मिळेल. नवीन माणूस डेस्कवर बसला असेल तर सांगा, आम्ही येऊन तासाभरात शिकवून जातो, त्याचेही पैसे नाहीत. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सातपर्यंत फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर आली, तर त्याच रात्री वाचून काय कमी आहे ते कळवतो. फक्त फील्डचा फोटो पूर्ण पानाचा काढा: नाव, तारीख, डोळा आणि वरच्या कोपऱ्यातले फिक्सेशन लॉसचे (तपासणीत नजर किती वेळा हलली त्याचे) आकडे दिसले पाहिजेत. नुसत्या करड्या चित्राचा फोटो आला तर आम्हाला पुन्हा फोन करावा लागेल.